तिसऱ्या अंकातली सव्वीस पानं

"टाचण्या काढल्यात तर मी जेवण सोडीन," मास्तर म्हणाले.

ते नुकतेच चार बटाटे, दोन अंडी आणि मुलांच्या आत्याच्या बशीतला अर्धा पाव संपवून बसले होते, त्यामुळे ह्या धमकीचा कुणावर फारसा परिणाम झाला नाही. धाकट्या मुलाने बशा एका बाजूला सारल्या आणि टेबलाच्या मधोमध ते बाड नीट सरळ करून ठेवलं.

'दीपस्तंभाचा रखवालदार'. चार अंकांचा ऑपेरा. गायकांचं आणि सगळ्या वाद्यांचं स्वरलेखन एकाखाली एक असलेली चारशे साठ पानं. मास्तरांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मास्तरांनी, ह्याच बाडावरून वाद्यवृंद चालवला होता आणि त्यांच्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा पानापानावर होत्या. त्यांच्या शेजारी मास्तरांच्या लाल खुणा. आणि तिसऱ्या अंकात, दोनशे बाराव्या पानापासून पुढे, सव्वीस पानं नऊ टाचण्यांनी एकत्र टाचून बंद केलेली. सत्तर वर्षांपूर्वी थोरल्या मास्तरांनी ती टाचली आणि तेव्हापासून कुणी उघडली नाहीत. ह्या घरातल्या मुलांनी लहानपणी विस्तवाशी खेळलेलं एक वेळ चालत असे, त्या टाचण्यांशी नाही.

हा ऑपेरा दुसऱ्या कुठल्या गावात होत नाही. ज्याने लिहिला तो इथलाच, इथेच वारला, आणि बाकीच्या जगाने त्याच्याकडे अगदी मनापासून दुर्लक्ष केलं. आता त्याला जाऊन शंभर वर्षं होणार म्हणून ऑपेरागृहाच्या मंडळाला सहा महिन्यांपासून उमाळा आला होता. परवा पत्र आलं होतं: ऑपेरा करायचा तर पूर्ण, एकही पान न गाळता. मास्तरांनी चालवावा अशी इच्छा आहे. त्यांना जमत नसेल तर बाहेरचा पाहुणा बोलावू. उत्तर घ्यायला व्यवस्थापक स्वतः आज चार वाजता चहाला येणार होते.

"बाहेरचा म्हणजे तोच," मास्तर म्हणाले, "ज्याचे केस वाद्यवृंदापेक्षा जास्त वाजतात."

"मग तुम्ही करा," थोरली मुलगी म्हणाली. "पूर्ण करा."

"मी वडिलांनी गाळलं तसंच करीन, नाहीतर करणार नाही."

"आणि करणार नसाल तर माझं नाव सांगा."

आत्या बटाट्याचं साल काढत राहिली. थोरली शेहेचाळीस वर्षांची होती आणि गेली सतरा वर्षं ऑपेरागृहात उपसंचालक होती. उपसंचालक म्हणजे काय, तर रंगमंचावरच्या देखाव्याच्या मागे, लाकडी टेकूंच्या गर्दीत उभं राहायचं, एका लहानशा टीव्हीवर वडिलांचे हात बघायचे आणि त्याप्रमाणे पडद्याआडच्या चार तुतारीवाल्यांना इशारा द्यायचा. सतरा वर्षांत टाळ्या तिने फक्त पाठीमागून ऐकल्या होत्या. हे वाक्य बोलायचं असं तिने सहा महिन्यांपूर्वी ठरवलं होतं, आरशासमोर बोलूनही पाहिलं होतं. आरशासमोर ते जास्त चांगलं झालं होतं.

"तुझं नाव सांगायला माझी हरकत नाही," मास्तर म्हणाले. "पण तू ती पानं उघडशील."

"उघडीनच. त्या पानांशिवाय गोष्टीला काही अर्थ तरी लागतो का? दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायको नवऱ्याला सोडून बोटीत बसून निघून जाते. तिसऱ्या अंकात घंटा वाजते, आणि बघतो तर बाई त्याच्याच घरात कांदा चिरत गातेय! परत कधी आली? का आली?"

"क्षमेला संगीत नसतं," मास्तर म्हणाले.

धाकट्याने डोळे मिटून घेतले. हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. ह्या एका वाक्यावर मास्तरांनी चाळीस पानांचा निबंध लिहिला होता, तो एका ग्रंथात छापून आला होता, आणि विद्यार्थ्यांच्या अकरा तुकड्यांनी तो परीक्षेसाठी घोकला होता. क्षमेला संगीत नसतं. क्षमा शांततेत होते. आणि ती शांतता ऐकणाऱ्याने स्वतः भरायची असते. थोरल्या मास्तरांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी ती पानं मिटली. समीक्षक माना डोलवत. प्रेक्षक मात्र बाहेर पडताना कोट चढवता चढवता एकमेकांना विचारत, "ती परत कधी आली हो?"

"बाबा, तुमच्या त्या शांततेत लोक घड्याळ बघतात," थोरली म्हणाली. एकोणिसाव्या वर्षापासून ती हे म्हणत आली होती.

"अहो, वाढू का अजून?" बाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, मध्येच विचारलं. "आणि तू गप्प बस गं. ते नाही म्हणतात ना, मग नाही."

थोरलीला ह्याचं वाईट वाटलं. आई आपल्या बाजूने असेल असा तिचा अंदाज होता. परवापर्यंत होतीही. पण पत्रातलं 'पूर्ण' हा शब्द वाचल्यापासून बाईंनी जी पलटी खाल्ली होती ती काही केल्या समजत नव्हती.

•

धाकटा ह्या घराण्यातला पहिला माणूस ज्याच्यासमोर लोक गाण्यासाठी म्हणून तोंड उघडत नाहीत. तो दातांचा डॉक्टर होता. लहानपणी चार वर्षं चेलो शिकला आणि एके दिवशी चेलोनेच हात टेकले, असं आत्या सांगत असे. घरातल्या संगीताच्या भांडणांत त्याला मत नव्हतं, म्हणूनच दोन्ही बाजू त्याला ओढत. आज तो बहिणीकडे होता, कारण साधं होतं: त्यालाही लहानपणापासून जाणून घ्यायचं होतं की ऑपेरातली ती बाई परत का आली.

"बाबा, नुसतं बघू तर," तो म्हणाला. "बघून पुन्हा टाचू."

"टाचण्या गंजल्यात. कागद फाटेल."

"गंजलेली गोष्ट न फाडता बाहेर काढणं हाच माझा धंदा आहे." आणि त्याने खिशातून बारीक चिमटा काढला.

म्हणजे हा कट होता. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने लेकाकडे, लेकाने बहिणीकडे. बहीण छताकडे बघत होती.

"अक्का, तू तरी सांग ह्यांना!" मास्तर आत्याकडे वळले. आत्या त्यांची थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. पूर्वी ऑपेरात नायिकांच्या मैत्रिणी गायची.

"काढू दे रे," आत्या म्हणाली. "मरायच्या आधी मलाही गंमत बघायची आहे."

तीन विरुद्ध दोन झाले. धाकट्याने बाही दुमडली, दिवा जवळ ओढला आणि सवयीने म्हणाला, "जरासं दुखेल." नऊ टाचण्या निघायला वीस मिनिटं लागली. पाचवी अर्ध्यात तुटली तेव्हा मास्तर असे कळवळले की शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. शेवटची टाचणी बशीत पडली आणि थोरलीने पान उलटलं.

आत, वरच्या कोपऱ्यात, निळ्या पेन्सिलीने आजोबांच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं.

"वाच," मास्तर म्हणाले. वडिलांचा विचार, त्यांच्याच अक्षरात, सत्तर वर्षांनी.

थोरलीने वाचलं: "इथून सव्वीस पानं गाळावीत. शेवटची ट्राम दहा चाळीसला. कोरसमधल्या बायका नदीपलीकडे राहतात, शनिवारी चालत घरी गेल्या. ट्रामची वेळ बदलेपर्यंतच."

धाकट्याच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला आणि तो चिमट्यासकट स्वयंपाकघरात पळाला.

ट्राम बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती. रूळसुद्धा उखडले होते.

"आठवतंय मला," आत्या शांतपणे म्हणाली. "ह्याच टेबलावर. टाचण्यांची डबी मीच धरली होती."

"अक्का! तुला माहीत होतं?"

"होतं की."

"आणि तू माझ्या एकूण एक व्याख्यानाला पहिल्या रांगेत येऊन बसायचीस?"

"किती छान बोलायचास तू! दर वेळी वाटायचं, आता ह्याला पुढे काही सुचत नाही. तर तुला आणखी सुचायचं." आत्याने बटाटा तोंडात टाकला. "निबंधात ते शांततेच्या रंगाचं लिहिलंस ना, ते तर मी दोनदा वाचलं."

मास्तर उठले. चेहरा लालबुंद झाला होता. बाड उचलून त्यांनी छातीशी धरलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाले. "पायरी," बाई हळूच म्हणाल्या आणि मास्तरांनी पाऊल बरोबर उचललं.

"मी आत्ता वाचतो," ते गरजले. "अर्ध्या तासात सांगतो हे संगीत काय लायकीचं आहे ते. ट्राम असो नाहीतर नसो!"

•

बाई तीस वर्षं ऑपेरागृहात प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोका असतो, त्यात बसून गायकांना पुढचा शब्द कुजबुजायचा. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नाही. कुणी बोलताना अडखळलं की बाईंचे ओठ आधीच हललेले असत. नवऱ्याला तर त्या दिवसभर काही ना काही पुरवत: पायरी, डावीकडे खुर्ची, समोर फलाणे आले आहेत, हसा. लोक म्हणत, ह्या वयातही काय प्रेम आहे.

थोरली कॉफीचा कप घेऊन खिडकीकडे गेली हे त्यांनी पाहिलं. तिला हाक मारावी तर मास्तरांना संशय येणार. त्या बशा गोळा करत राहिल्या.

मास्तर वाचत होते. पान उलटत होते, मान हलवत होते, उजवा हात हवेत ताल देत होता. "हं," ते म्हणाले. "शिंगांचा प्रवेश बरा आहे. पण जुनाट."

थोरली त्यांच्या खांद्यामागे उभी होती. पानावर शिंगं फुंकणाऱ्यांच्या ओळी रिकाम्या होत्या. त्या पानावर एक स्वर नाही, पुढच्या पानावरही नाही. शिंगवाले ह्या सगळ्या प्रवेशात स्वस्थ बसून होते. आणि संगीत तीन मात्रांचं होतं. वरच मोठ्या आकड्यात लिहिलं होतं, तीन. मास्तरांचा हात चार मात्रा देत होता, अगदी ठामपणे.

तिने कप न सांडता खाली ठेवला, हेच पुष्कळ झालं. बाईंनी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. धाकट्याला त्यांनी केक कापायला बाहेर पिटाळलं.

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"सहा वर्षं. मधोमध डाग आहे. कडेकडेचं दिसतं. हात, खांदे, कोण कुठे बसलंय ते. अक्षरं नाही दिसत."

"डॉक्टर?"

"तीन झाले. तिघांचं एकच."

थोरली स्टुलावर बसली. एकोणचाळीस ऑपेरा, शंभरावर सिंफन्या, सगळ्या तोंडपाठ. मास्तर समोर बाड ठेवत नाहीत, स्टँडच काढून टाकायला लावतात, ह्याचं केवढं कौतुक होतं! आणि सहा वर्षांत त्यांनी एकही नवीन गोष्ट हातात घेतली नव्हती. एका समीक्षकाने त्याला 'परिपक्व संयम' म्हटलं होतं. तिने स्वतः त्याला हेकटपणा म्हटलं होतं, तेही भर तालमीत, सगळ्यांच्या देखत.

"जुनं सगळं डोक्यात आहे त्यांच्या," बाई म्हणाल्या. "पण ही सव्वीस पानं सत्तर वर्षांत कुणी वाजवलीच नाहीत. ऐकून शिकावं तरी कुठून?"

"मला का नाही सांगितलंस, आई?"

"तुला कळलं असतं तर तू त्यांच्याशी भांडायची थांबली असतीस. मग त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं." बाईंनी चहाचं आधण ठेवलं. "तू भांडतेस ना, तेवढ्यापुरतं त्यांना वाटतं की सगळं पूर्वीसारखं आहे."

चार वाजले आणि दारावरची घंटा वाजली.

•

व्यवस्थापक हा किडकिडीत, सदा माफी मागणारा माणूस होता. आत येताना त्याने पायपुसण्याचीही माफी मागितली. त्याच्यासमोर चहा आला, सफरचंदाचा केक आला, आणि मग त्याने बशीकडे बघत विचारलं, "तर मग... मंडळाला काय कळवू?"

"पूर्ण होणार," धाकटा उत्साहाने म्हणाला. चिमटा अजून त्याच्या हातातच होता. "टाचण्या मीच—"

"नाही," थोरली म्हणाली. "टाचण्या पुन्हा लावायच्या आहेत."

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. आत्याने केकचा घास हातात तसाच धरला.

"मंडळाला सांगा, बाबांचं म्हणणं बरोबर आहे. मी ती पानं बघितली. ती नकोत." थोरली घोटभर पाणी प्यायली. "क्षमेला संगीत नसतं. क्षमा शांततेत होते, आणि ती शांतता..." इथे ती थांबली, बरोबर जिथे मास्तर थांबत तिथे, "ती ऐकणाऱ्याने स्वतः भरायची असते. हा ऑपेरा बाबांनीच करावा, त्यांच्याच पद्धतीने. मी नेहमीसारखी मागे आहेच."

"ताई, तुला ताप आलाय का?" धाकट्याने विचारलं.

मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. लेकीच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना नेहमीचा करडा ठिपका दिसत होता. ठिपक्याच्या एका बाजूला कान, खाली खांदा. पण त्यांचे कान काही म्हातारे झाले नव्हते. त्यांनी आयुष्यभर सत्तर माणसांतून एकाचा स्वर उतरला तर तो ओळखला होता. ही मुलगी सत्तावीस वर्षं त्यांच्याशी चढ्या सुरात भांडली होती, आणि आज तिचा आवाज हळू झाला होता. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसा. ते बायकोच्या दिशेने वळले. बाई एरवी अशा वेळी काहीतरी पुरवायच्या. आज खोक्यातून एक शब्द आला नाही.

म्हणजे हिला कळलं. त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली. ही पोर सहा महिने काहीतरी मागायची तयारी करत होती. न्हाणीघरातल्या आरशासमोर ती काय बडबडते ते त्यांना भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकू यायचं. आणि आता ती ते सगळं सोडून त्यांचाच टाकाऊ निबंध त्यांना परत वाढत होती, त्यांनी उपाशी राहू नये म्हणून.

"मूर्खपणा आहे हा," मास्तर म्हणाले.

"कोणता?" व्यवस्थापकाने घाबरून केक खाली ठेवला. "माफ करा."

"क्षमेला संगीत नसतं म्हणे! कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," धाकटा आणि आत्या एकदम म्हणाले.

"मला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं. न उघडलेल्या पानांबद्दल माणूस काय वाटेल ते बोलू शकतो, मी चाळीस पानं बोललो. ती पानं ट्रामसाठी गाळली होती. ट्रामसाठी! आणि मी ती वाचलेली नाहीत. आत्ता अर्धा तास समोर धरून बसलो होतो, पण वाचली नाहीत. मला दिसत नाही. सहा वर्षं झाली." मास्तरांनी हात चाचपत कप शोधला. "चालवणारा कोण ते हिला विचारा. मला विचारू नका."

व्यवस्थापक एकदा मास्तरांकडे, एकदा थोरलीकडे बघू लागला. "पण मंडळ म्हणेल की... अनुभव..."

"गेल्या वर्षी दुसऱ्या अंकात मी दोन मात्रा आधी हात उचलला. तुताऱ्या बरोबर आल्या, आणि त्या आल्या म्हणून वाद्यवृंद सावरला. कुणामुळे आल्या? माझे हात बघून नक्कीच नाही. माझ्या हातात कधी काय चुकणार हे सतरा वर्षं ही त्या टीव्हीवर बघतेय. तुमच्या मंडळात हा अनुभव कुणाला आहे? आणि माझं काय करायचं ह्याची काळजी करू नका. मी पहिल्या रांगेत बसून खोकणार आहे. आयुष्यभर लोक माझ्या पाठीवर खोकले."

"बाबा, मी असं मागितलं नव्हतं," थोरली म्हणाली. ती रडत होती आणि तिला त्याचा राग येत होता.

"मागितलं होतंस, जेवताना. मी बहिरा नाही." मास्तरांनी व्यवस्थापकाच्या दिशेने हात केला. "होकार दे त्यांना. केक संपत आला त्यांचा."

थोरलीने डोळे पुसले. आरशासमोर तयार केलेल्या भाषणातलं एक अक्षर तिला आठवेना. बाईंचे ओठ हलले, पण तिने आईकडे पाहिलं नाही.

"मी करीन," ती म्हणाली. "पूर्ण करीन. मला एक आठवडा द्या, ही पानं मला नीट वाचायची आहेत. आजोबांनंतर ती कुणीच वाचलेली नाहीत."

"आठवडा कशाला?" मास्तर म्हणाले. त्यांनी शेजारची खुर्ची पायाने सरकवली. "आत्ता वाच. गाऊन वाच, सगळ्यांचं, जमेल तसं. ती बाई परत का आली ते मला ह्या वयापर्यंत कळलेलं नाही."

थोरलीने बाड मांडीवर घेतलं, दोनशे बारावं पान काढलं, आणि बोटांनी टेबलाच्या कडेवर तीन मात्रा धरून बसक्या आवाजात गायला सुरुवात केली. सवयीने मास्तरांचा उजवा हात वर गेला. तो क्षणभर हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि ते ऐकू लागले.